हस्तक्षेप करू नये

पायलने पहिल्या दिवशी काहीच केलं नाही, त्यामुळे हत्तुरेबाईंना फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तिने काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने एकदा डावा पाय उजव्या पायावर घेतला आणि थोड्या वेळाने खाली ठेवला. बाईंनी निळ्या वहीत या दोन्ही घटना वेळेसकट टिपून घेतल्या आणि वही मिटली.

बालवाडीतल्या बत्तीस मुलांमधून त्यांनी पायलला मुद्दामच निवडलं होतं. फरहान खिडकीचे गज चढायचा, बसू नावाचा मुलगा चावायचा. पायल मात्र जिथे बसवावी तिथे बसायची आणि घरी जायची वेळ झाली की तिथूनच उचलून न्यावी लागायची. अशा मुलीचं पंधरा दिवस निरीक्षण करायला कितीसा त्रास होणार, असा बाईंचा हिशेब होता.

या निरीक्षणावर बाईंचं पुढचं सगळं अवलंबून होतं. महानंदा हत्तुरे यांनी चोवीस वर्षांपूर्वी बालशिक्षणाची पदविका घेतली होती आणि त्या एका कागदाच्या बळावर सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीत दोन पिढ्यांची नाकं पुसली होती. मागच्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष वीरभद्रप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, यांनी ठराव केला की येत्या जूनपासून मुख्य बाई पदवीधरच हवी. पदविकावाल्या बाईंना वाटल्यास मदतनीस म्हणून राहता येईल. ठराव झाला त्याच आठवड्यात अप्पांची भाची अंकिता पदवीधर झाली. हा निव्वळ योगायोग आहे, असं अप्पांनी न विचारता दोनदा सांगितलं.

हत्तुरेबाई भांडल्या नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठाचा अर्ज भरला. पदविका असल्यामुळे एकदम शेवटच्या वर्षाला प्रवेश मिळाला. पहाटे उठून भाकरी थापता थापता त्यांनी बालमानसशास्त्र पाठ केलं, परीक्षा दिल्या, आणि आता फक्त हा शेवटचा प्रकल्प उरला होता. यात नापास झालं तर पदवी एक वर्ष लांबणार आणि जूनमध्ये मुख्य बाईंच्या खुर्चीवर अंकिता बसणार, हे उघड होतं.

रविवारी अभ्यासकेंद्रावर प्रकल्पाच्या मार्गदर्शक राहतमॅडमनी निळी वही वाचली. मॅडम वयाने बाईंच्या मुलीएवढ्या, पण लाल पेन हातात धरण्याची पद्धत चांगली मुरलेली होती.

"साडेदहा, बालिका बसली आहे. पावणेअकरा, बालिका बसलीच आहे," मॅडमनी मोठ्याने वाचलं. "बाई, ही मुलगी आहे का गोणी?"

"शांत आहे हो फार."

"तुम्ही डोळे वटारून समोर बसलात तर कुठलंही मूल शांतच बसणार. जरा लांब बसा. काही करायला लागली तर करू द्या. आणि हा नियम तोंडपाठ करा." मॅडमनी पुस्तिकेतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. निरीक्षकाने बालकाच्या वर्तनात अथवा परिस्थितीत कोणत्याही प्रकारे हस्तक्षेप करू नये, अन्यथा अहवाल ग्राह्य धरला जाणार नाही.

"आणि काही भलतंच केलं तर?"

"जिवाला धोका असेल तर थांबवा. नाहीतर गप्प बसा आणि लिहा."

चौथ्या दिवशी बाई कपाटाआडच्या स्टुलावर जाऊन बसल्या. अकराच्या सुमारास पायलने शेजारच्या राहुलची पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं, आणि सगळं पाणी त्याच्या मांडीवर ओतलं. मग तिने सवयीने बाईंकडे पाहिलं. बाईंच्या घशापर्यंत "अगं ए" आलं होतं. ते त्यांनी गिळलं, मान खाली घातली आणि लिहायला लागल्या.

पायल बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठून स्टुलाजवळ आली.

"बाई, लिवताय का?"

खोटं बोलणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. "व्हय," त्या म्हणाल्या.

पायलने मान डोलावली आणि ती बसूच्या बाटलीकडे वळली. साडेचार वर्षांच्या त्या डोक्यात जो लख्ख उजेड पडला होता, तो बाईंच्या ध्यानात यायला आणखी एक दिवस लागला.

पाचव्या दिवशी खिचडीच्या वेळेला पायल पुन्हा आली. "बाई, लिवताय का?" बाई व्हय म्हणाल्या. पायलने आपली थाळी उचलली आणि दाराशी काढून ठेवलेल्या मथुराबाईंच्या चपलांमध्ये रिकामी केली.

मथुराबाई बालवाडीच्या मदतनीस. मंगळवेढ्याकडच्या, आणि पोटात एक ओठात एक ठेवणं त्यांना जमत नसे. "ओ बाई, तुमच्या तोंडाला काय झालंय? लेकरू माज्या चपलंत खिचडी भरतंय की."

"मला बोलता येत नाही, मथुराबाई. अजून दहा दिवस."

"मौन धरलंय व्हय? मग आदी सांगायचं की. उपासाचं कायबाय आणलं असतं."

बाई लिहीत होत्या. 'बारा वीस. बालिका खिचडी दोन्ही चपलांत सारखी वाटते. संख्याज्ञान चांगले.'

सहाव्या दिवशी बाईंनी युक्ती केली. निळी वही वर्तमानपत्रात गुंडाळून हजेरीपटाच्या आत ठेवली. पायल आली, हजेरीपटाचं पान उचलून खाली डोकावली, आणि समाधानाने परत गेली. त्या दिवशी फळ्याखालचे सगळे खडू पाण्याच्या टाकीत गेले. बाईंनी वही बाजूला ठेवून पाहिली, तर पायल लगेच हाताची घडी घालून बसली, इतकी गुणी, की तिच्याविरुद्ध कुणाला एक शब्द काढता येऊ नये. वही उघडली की ती उठायची. हे बाकीच्या एकतीस मुलांनाही कळलं आणि ज्याला काही करायचं असेल तो पायलच्या शेजारी जाऊन करायला लागला, कारण तिथे बाई बोलत नाहीत.

चोवीस वर्षं रोज बत्तीस मुलांवर खर्च होणारं बोलणं आता साठायला लागलं. ते घरी जाऊन निघायचं. बाईंचे यजमान गुरुशांत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते. "चप्पल रेघेत काढा. खाली सांडू नका. पुढ्यातलं सगळं संपवा. आणि मी बोलतेय तेव्हा इकडे बघा," असं चार संध्याकाळी ऐकल्यावर त्यांनी पाचव्या संध्याकाळपासून आपण होऊन जादा पाळी मागून घेतली.

मौन मोडायचे प्रसंग येत होते. एकदा तर बाईंनी पायलचा दंड धरण्यासाठी हात पुढे केलासुद्धा. पण मग डोळ्यांपुढे जून महिना आला. मुख्य बाईंच्या खुर्चीवर अंकिता, आणि स्वतः आपण मथुराबाईंच्या जोडीला टाकी घासतोय. बाईंनी हात मागे घेतला आणि पेन घट्ट धरलं. पदवी घेतल्याशिवाय आता तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

नवव्या दिवशी अप्पा सतरंज्या मोजायला म्हणून आले. मुलं अंगणात होती. आत एकटी पायल, आणि कपाटाआड बाई, ज्या अप्पांना दिसल्या नाहीत. बाईंनी नियमाप्रमाणे नोंद केली. 'बारा पाच. संस्थेचे अध्यक्ष मुलांच्या खाऊच्या डब्यातून शेंगदाण्याची चिक्की काढून खातात. बालिका पाहते. अध्यक्ष दुसरी चिक्की घेतात, अर्धी बालिकेला देतात व स्वतःच्या ओठांवर बोट ठेवतात. बालिकाही ओठांवर बोट ठेवते. अनुकरणक्षमता उत्तम.' अप्पांना शुगर होती आणि घरी त्यांना गुळाचा खडासुद्धा मिळत नसे, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. पण ते काही बालिकेचं वर्तन नव्हतं, म्हणून बाईंनी ते लिहिलं नाही.

चौदावा दिवस शुक्रवार होता. रविवारी वही केंद्रावर द्यायची होती आणि त्याआधी अहवालावर संस्थाप्रमुखाची सही लागत होती. अप्पा साडेअकराला येतो म्हणाले. बाईंनी त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पुसून मधोमध ठेवली आणि स्टुलावर बसल्या.

"बाई, लिवताय का?"

बाईंनी पुसलेल्या खुर्चीकडे पाहिलं. "व्हय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी कागदकाम होतं. मथुराबाईंनी मैद्याची खळ शिजवून पातेलं भरून ठेवली होती आणि रंगीत कागदाच्या टिकल्या कापल्या होत्या. पायलने पातेलं ओढत नेलं आणि अप्पांच्या खुर्चीवर हाताने खळ फासली. मग एकेक टिकली घेऊन चिकटवायला बसली. लाल, पिवळी, हिरवी, पुन्हा लाल. त्यावरून खळीचा आणखी एक हात फिरवला. आणि दारात अप्पा उभे राहिले, परीटघडीच्या पांढऱ्याशुभ्र धोतरात.

बाई अर्ध्या उठल्या. बसू नका, एवढं म्हटलं की झालं असतं. पण तो परिस्थितीत हस्तक्षेप झाला असता. धोका होता, नाही असं नाही, पण तो धोतराला होता आणि मॅडम फक्त जिवाच्या धोक्याबद्दल बोलल्या होत्या. बाई परत बसल्या. 'अकरा तीस. बालिका रंगसंगती साधते. अध्यक्ष बसतात.'

अप्पांची नजर अधू होती आणि चष्मा खिशात होता. बसल्यावर त्यांना थोडं गार लागलं असावं, पण मार्चातल्या सोलापुरात गार लागलं म्हणून कुणी तक्रार करत नाही. ते पाऊण तास बसले. संस्थेची शिस्त, पदवीचं महत्त्व आणि अंकिताची हुशारी या तिन्हींवर बोलले. तेवढ्या वेळात उकाड्याने खळ वाळली. मग सहीसाठी खिशातून पेन काढायला ते उठले, तेव्हा खुर्चीही वीतभर उठली आणि धाडकन खाली पडली. अप्पा गर्रकन वळले. धोतरावर मागच्या बाजूला लाल, पिवळ्या, हिरव्या टिकल्या ओळीने बसल्या होत्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

अप्पांनी हात मागे नेऊन चाचपलं. "हे कुणी केलं?"

"पायलनं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही कुठं होता?"

"हितंच होते. लिहीत होते."

"म्हणजे बघत होता? आणि एका शब्दानं बोलला न्हाईत?" अप्पांचा आवाज चढला. "बाई, एक पोरगी सांभाळता येत न्हाई आणि पदवी घ्यायला निघालात? मी सही करत न्हाई, जावा. जूनपासून अंकिता बघंल हितलं."

बाई वही घेऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. पण त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अप्पा, सही करू नका. पण चौदा दिवस जीव मारून लिहिलंय, एकदा वाचा तरी."

अप्पांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच पानं उलटली. खिचडीवर त्यांच्या कपाळाला आठी पडली. खडूंवर दुसरी पडली. नवव्या दिवसावर ते थांबले. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. मग हळूच मथुराबाईंकडे पाहिलं, पायलकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"ही वही कुठं जाणार?"

"एक प्रत विद्यापीठात. एक आपल्या संस्थेच्या दप्तरी."

"दप्तरी म्हंजे अक्काकडं?" अक्का म्हणजे अप्पांची पत्नी. त्या संस्थेच्या चिटणीस होत्या, आणि घरातल्या गुळाच्या डब्याची किल्लीही त्यांच्याच कमरेला असे.

"त्यांच्याकडंच की."

"एवढं पान काढलं तर चालंल का?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई अप्पा. हस्तक्षेप होतो."

अप्पा थोडा वेळ टिकल्या खरवडत उभे राहिले. "मग असं करू," ते म्हणाले, "दप्तरची प्रत माझ्याकडं द्या. अध्यक्षांनी स्वतः जपून ठेवलेली बरी." त्यांनी सही केली, खाली 'निरीक्षण अत्यंत प्रामाणिक' असा शेराही मारला, आणि वर्तमानपत्र मागे धरून ते घरी गेले. बाईंना वाटलं, आपलं लिखाणच अप्पांना भिडलं. त्यांचे डोळे भरून आले.

मे महिन्यात निकाल लागला. प्रकल्पाला शंभरापैकी एक्याण्णव. 'बालिकेची अभिव्यक्ती मुक्तपणे फुलू दिली आहे,' असं परीक्षकांनी लिहिलं होतं. अप्पांनी अंकिताला बार्शीच्या एका शाळेत चिकटवून दिलं आणि ठरावाचा विषय पुन्हा काढला नाही.

जूनच्या पहिल्या दिवशी पदवीधर मुख्य बाई वर्गात शिरल्या. साठलेलं सगळं आता बिनदिक्कत बोलता येणार होतं. नजर आधी पायलवर गेली. पायल कपाटाआडच्या स्टुलावर बसली होती, मांडीवर कोरी करकरीत वही, हातात पेन्सिल.

"काय करतीस गं तिथं?"

"लिवतीया," पायल म्हणाली. "आज्यानं वही आणली. तुमी करा काय करायचं ते. मी बोलनार न्हाय."

मुलं अंगणात प्रार्थनेला उभी राहत होती. मथुराबाई टाकीवर होत्या. बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. चोवीस वर्षांत त्यांनी मुलांच्या खाऊच्या डब्याला कधी हात लावला नव्हता. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, एक चिक्की काढली आणि तोंडात टाकली. पायलने वहीत एक रेघ ओढली. बाईंनी दुसरी चिक्की मोडून अर्धी तिच्यापुढे धरली. पायलने ती खाल्ली, बोटं फ्रॉकला पुसली, आणि आणखी एक रेघ ओढली.