बुडत्या कोहारूच्या बुडबुड्याची बखर

श्रीहरि. ज्याचे नाम घेता कथेस आरंभ होतो आणि ज्याची आरती ओवाळल्याविना श्रोता आसन सोडत नाही, त्या कथाप्रिय नारायणास साष्टांग नमस्कार करून हे वर्तमान लिहिले. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु देवाचे मनात आले म्हणजे नावाचे काय चालते. क्रोध आला तो हसून गेला. कैसा गेला, ते सावध ऐकावे.

ते समयी एक राज्य होते. राज्यास तट नाही, खंदक नाही, सारी वस्ती मोबाइलच्या काचेत. उगवतीस समुद्रात जपान नामे बेटांचा मुलूख, तेथील चित्रकथा, ज्यांस मांगा म्हणतात, त्या रीतसर परवाना घेऊन मराठीत आणाव्या आणि दरमहा वर्गणी देणाऱ्या रयतेस वाचावयास द्याव्या, हा राज्याचा उद्योग. आसपास चोरटी राज्ये उदंड, तेथे तीच चित्रे फुकट मिळत. परंतु राज्याच्या धनीण सगुणाबाईसाहेब पानसे म्हणत, "ज्याने चित्र काढलं त्याच्या ताटात घास पडला पाहिजे. नाहीतर आपण वाचायचं तरी कुठल्या तोंडानं?" आणि रयत थोडी, परंतु निष्ठावंत, ती हे ऐकून वर्गणी भरीत असे. यंत्रे दिनकरपंत राखीत आणि भाषांतर मुकुंदबुवा टाकळकर करीत. बुवा पिढीजात कीर्तनकार. उमेदीत एका जपानी कारखान्यात चाकरी केली, तेथे ती बोली शिकले, मग चाकरी सुटली, बोली राहिली आणि कीर्तन तर रक्तातच. दिवसा मांगा आणि सायंकाळी राममंदिरात हरिकथा, ऐसा त्यांचा नेम. आम्ही त्यांची कीर्तने पुष्कळ ऐकिली. आवाज ऐसा की पेटीवाल्यानेही सूर सोडून ऐकत बसावे.

राज्याचा सारा डोलारा एका कथेवर होता. कोहारू नामे नावाडीण पोर, बापाच्या शोधात नदीनदी हिंडते, ती ही कथा. दर सोमवारी एक प्रकरण यावे आणि रयतेने वाचावे. परवान्यात कलम ऐसे की, चित्रांत बोलण्याचे जे फुगे असतात त्यांत मूळचे तेच बोलावे, अधिक घालू नये, पुढील प्रकरणाचा सुगावा लागू देऊ नये. कलम मोडले तर कोहारू परत जाईल आणि ती गेली म्हणजे राज्य राहत नाही, हे लहानथोर सर्व जाणत होते.

मग काय जाहले, एका सोमवारच्या प्रकरणात कोहारूची नाव उलटली, पोर पाण्याखाली गेली आणि शेवटच्या पानावर तिच्या तोंडापाशी एक गोल काढून प्रकरण संपले. गोल रिकामा. चित्रकाराने तो श्वासाचा बुडबुडा काढिला होता. बुवांनी तो बोलण्याचा फुगा मानिला आणि विचारात पडले की हा मोकळा का ठेविला. त्यांचे घराण्याची रीत ऐसी की, आख्यानात भक्तावर संकट आणावे, श्रोत्यांस रडवावे, परंतु तसेच रडत घरी पाठवू नये, देव धावला हे सांगावे, मगच आरती. बुवांस वाटले, चित्रकारही आपल्यासारखाच माणूस, त्याने दिलाशाची जागा भाषांतरकारास राखून ठेविली असावी. तेव्हा त्यांणी त्या गोलात लिहिले, "चिंता नसावी. येते वर." आणि प्रकरण रवाना जाहले. दिनकरपंतांनी नजर टाकली तेव्हा विचारले, "बुवा, मुळात हे होतं का?" बुवा म्हणाले, "मुळात जागा होती. लोक काय आठवडाभर पोरीला पाण्यात ठेवून जेवतील?" पंतांसही ते पटले, कारण त्यांस त्या वेळी भूक लागली होती.

त्या सप्ताहात मुलखोमुलखी कोहारूचे वाचक शोक करिते जाहले आणि एक मराठी रयत तेवढी निश्चिंत. मग कोणी विचारिले, तुम्ही का रडत नाही. रयतेने सांगितले, ती वर येते, आमच्यात छापून आलंय. ती वार्ता इंटरनेटवर वणव्यासारखी पसरली आणि बेटावर पोहोचली. तेथे हलकल्लोळ. कारण पुढील प्रकरण चित्रकाराचे कपाटात कुलपाखाली होते आणि त्यात कोहारू खरेच वर येत होती. त्यांणी जाणले की मराठी राज्याने कपाट फोडिले. मग तेथून मोरितासाहेब वकील स्वतः निघाले. गृहस्थ सभ्य, मराठी पुस्तकांतून शिकलेले. येऊन बसले, चहा घेतला, पेला ठेवला आणि म्हणाले, "महोदया, गुप्त पाने आपणांस कोणी दिली हे कृपया सांगावे. अन्यथा परवाना आज संपुष्टात येईल."

सगुणाबाईसाहेबांनी मुद्रा ढळू दिली नाही. बुवांस बोलाविले. बुवांनी झाले ते सांगितले आणि वकिलांनी मान हलविली. "केवळ रीत म्हणून आपणांस कथेचा अंत ठाऊक झाला? क्षमा असावी, हे पटत नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "मग संध्याकाळी देवळात चला. रीत डोळ्यांनी बघा." वकील विचार करून म्हणाले, "उत्तम. योग्य क्षणी मी हात वर करीन. तेथे बुवांनी कथा थांबवावी. त्यांना थांबता आले, तर रीतीची सबब खोटी."

सायंकाळी राममंदिर भरले. रयतही आली होती. बुवांनी पूर्वरंग आटोपला आणि उत्तररंगास धाकू धनगराचे आख्यान लाविले. धाकू नामस्मरण करीत कोकरू शोधतो आणि कड्यावरून घसरतो, हाती एक वेल, वेलीचे मूळ सुटत चाललेले, खाली दरी, वर कोकरू ओरडते, आणि वकिलांनी हात वर केला. बुवा थांबले. तबला थांबला. बुवांनी ओठ घट्ट मिटले, कारण पाहुण्यांचा शब्द पाळला तर राज्य तरेल ऐसे त्यांचे भोळे मन समजले होते. सगुणाबाई खांबाआडून खुणा करीत की बोला, बुवा, बोला. बुवांस वाटले, त्या शाबासकी देतात. ते आणखी ताठ उभे राहिले. पुढे बसलेल्या भागीरथीकाकू म्हणाल्या, "अहो बुवा, पोरगं लटकलंय तिथं." दिनकरपंत पुटपुटले, "बुडालं राज्य." बाईसाहेबांनी डोळे मिटून रामाकडे हात जोडिले. कोणी खोकेना, कोणी उठेना. वकील बुवांकडे पाहत, मग वेल जिथे असावी तिथे पाहत, मग पुन्हा बुवांकडे. हात तसाच वर. त्यांचे गुडघे पुढे सरकू लागले, ते आम्ही समक्ष पाहिले. शेवटी त्यांची पुस्तकी भाषा गळून पडली आणि ते म्हणाले, "पण तो वाचतो. वेल तुटत नाही. तो वाचतोच ना?"

बुवांनी नम्रपणे विचारिले, "साहेब, आपणांस कोणी सांगितलं?"

धाकूचे आख्यान वकिलांनी जन्मात ऐकिले नव्हते, कोणाचे कपाट फोडिले नव्हते. ते हसू लागले, आणि ते पाहून देऊळ हसले. भागीरथीकाकू म्हणाल्या, "ते सगळं राहू दे, आधी हात खाली घ्या." वकिलांनी हात खाली घेतला आणि बुवांनी ऐसी उडी घेतली की झांजा आपोआप वाजल्या. देव गुराख्याच्या रूपे आला, धाकूस वर ओढिले आणि कोकरूही सापडले. वकिलांनी आरतीस टाळी धरिली, जरा आडताल, परंतु मनापासून.

दुसरे दिवशी निवाडा जाहला. परवाना कायम. बुडबुडा होता तैसा रिकामा करावा, त्यात श्वासाविना काही असू नये. बुवांनी कान धरून कबूल केले. आणि वकिलांनी आपणहून इतुके जोडिले की, चित्रांचे बाहेर, प्रकरण संपल्यावर खाली, बुवांनी एक ओळ लिहावी, परंतु तीत पुढले काही फुटू नये. बुवांनी दोन दिवस विचार केला. तेव्हापासून कोहारू पाण्यात असो, आगीत असो की वैऱ्याच्या कोठडीत, प्रकरणाखाली दर सोमवारी तीच ओळ येते: "आरती व्हायची आहे, कोणी उठू नये."

एवंच, कोहारू वर आली, राज्य राहिले, रयत वेळेवर जेवते. कथा सांगणारा आणि ऐकणारा दोघांसही नारायण सुखी ठेवो. मंगल असो.