इंजिनाच्या बोल्टाचे आटे गेले, त्याची हकीकत

राज्यें बुडालीं तीं फंदफितुरीनें बुडालीं, दारूगोळा सरला म्हणोन बुडालीं, ऐसें जाणते लोक लिहोन गेले. परंतु दरवाजाचा अडसर कोणीं गरजेहून अधिक ठोकिला आणि तेणेंकरून काय अनर्थ गुदरला, याची चौकशी आजवर कोणीं मनावर घेतली नाहीं. ती चौकशी प्रस्तुत लेखकानें केली आहे. सबब पदरचें कांहीं न घालितां आणि कोणाची भीड न धरितां लिहितों. वाचणारांनीं हंसावें, परंतु हातांतील पाना खालीं ठेवोन हंसावें.

पाणीपुरवठा खात्याचे निवृत्त फोरमन, गळतीचे दुष्मन, वॉल्व्हांचे कर्दनकाळ, ऐसे खासे फोरमनसाहेब. यांणीं उभी उमर पाणी गळूं न देण्याचे चाकरींत घातली, आणि त्यांचे हातें बंद जाहलेला नळ पुढें दुसऱ्या कोणाचे हातें सुखानें उघडला ऐसें कोणीं पाहिलें नाहीं. मग वय जाहलें, चाकरी सुटली, परंतु हाताची संवय सुटली नाहीं. घरांतील कॉफीचे बरणीचें झांकण, गॅसची कळ, चष्म्याचे दांडीचा स्क्रू, सर्व त्यांचे धाकांत. आणि त्या घराचा शिरस्ताच ऐसा कीं, एकानें जें बंद केलें त्यास पुढून जाणारानें आणिक एक पीळ द्यावा. यास ते अविश्वास म्हणत नसत, काळजी म्हणत. फोरमनसाहेबांनीं नळ पिळावा, त्यांच्या कबिला बाईसाहेब यांणीं जातां जातां आणिक पिळावा, आणि सकाळीं कन्या ताईसाहेब यांणीं दोहीं हातीं लटकोन तोंड धुण्यापुरतें पाणी सर करावें. "घट्ट झालं का?" ऐसा सवाल त्या घरीं नित्य होत असे, "झालं" ऐसा जबाब कोणीं दिल्याचें ठाऊक नाहीं. "तू पण बघ बरं एकदा," इतकेंच म्हणत.

ताईसाहेब हुशार, धीट, बोलण्यांत चोख. त्यांस एका रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेंत चाकरी मिळाली होती. घरोघर मोटरसायकलीनें जावें, रक्ताचे नमुने घ्यावे, दुपारचे आंत पोंचते करावे, ऐसें काम. परंतु प्रयोगशाळेची ताकीद होती कीं, रुजू होते वेळीं गाडीचा पक्का परवाना हातीं पाहिजे, नाहीं तर जागा पुढल्या उमेदवारास. परवान्याची परीक्षा दुसरे दिवशीं सकाळीं नेमलेली, आणि तीही आपण आणिलेले गाडीवर द्यावयाची. शेजाऱ्यांची स्कूटर होती, परंतु तीस गियर नाहींत. मग ती या कामीं निरुपयोगी. राहतां राहिला फोरमनसाहेबांचा काळा घोडा, म्हणजे जुनी मोटरसायकल, ज्याचे क्लचाचा स्वभाव ताईसाहेबांस ठाऊक आणि ज्याचे इंजिनांत तेल काळें ठिक्कर जाहलेलें, सबब तें बदलणें प्राप्त.

ताईसाहेबांनीं अर्ज केला, "बाबा, गॅरेजला देऊ या ना. पटकन करून देतात."

त्यावर हुकूम जाहला तो असा: "गॅरेजवाले दोन बोटांनी बोल्ट फिरवतात आणि चहाला जातात. वाटेत पडला म्हणजे? माझ्या पोरीच्या गाडीचा बोल्ट पडणार नाही."

या बोलण्यांत अभिमान होता तितकीच माया होती, आणि माया होती म्हणोनच पुढील सर्व संकट ओढवलें.

मग दुसरे प्रहरीं जिन्याखालील मोकळे जागेंत तळ पडला. वर्तमानपत्रें अंथरलीं, पान्यांची पेटी आली, नवे तेलाचा डबा आला, आणि खाशी स्वारी पाटावर बैसली. प्रथम किरकोळ ठाणीं घ्यावीं ऐसा विचार करून बाजूचे प्लास्टिकचे झांकणावर चाल केली. झांकण सैल वाटलें म्हणोन स्क्रू पिळला, मग आणिक पिळला, आणि झांकण कडकन् आवाज करून कोपऱ्यांत तडकलें. बॅटरीचे तारेचा स्क्रू पिळला, तों त्याची खांच गुळगुळीत होऊन तो पुढें उघडण्याचे कामांतून गेला. फोरमनसाहेब म्हणाले, "प्लास्टिकच हलकं. आणि स्क्रू तर हल्ली मेणाचे करतात." ऐसे दोन मोहरे पडले, परंतु सरदाराची छाती खचली नाहीं.

पुढें मुख्य किल्ला. इंजिनाचे पोटाखालीं, तेल सोडण्याचा बोल्ट. तो पेशजी खुद्द फोरमनसाहेबांनींच बसविला होता, सबब आज त्यांस आपलेच कालचे पराक्रमाशीं लढणें प्राप्त जाहलें. पाना लाविला, बोल्ट हालेना. पाय टेकून ओढिलें, हालेना. मग पान्यास लांब पाइप जोडिला आणि सर्व देहाचा भार घालोन जोर केला, तेव्हां बोल्ट किंचाळला आणि सुटला, आणि काळें तेल पात्रांत पडावयाचें सोडोन प्रथम वर्तमानपत्रावर, मग चपलेवर, आणि मग चपलेंतील पायावर उतरलें.

बाईसाहेब जिन्यावरोन पाहत होत्या. म्हणाल्या, "ती लादी तुम्ही पुसायची. मी आत्ताच सांगून ठेवते."

परंतु विजयी सैन्य लादीकडे पाहत नाहीं. बोल्ट पुसला, जागीं घातला, पाना लाविला आणि पिळला. बसला. आणिक पिळला. तोही पीळ बसला. मग बाईसाहेबांनीं संवयीनें विचारिलें, "घट्ट झालं का?" आणि इतकें पुसणें पुरे जाहलें. फोरमनसाहेबांनीं पाइप पुनः पान्यास जोडिला, दांत आवळिले, आणि अखेरचा पीळ दिला. प्रथम बोल्टानें विरोध केला, मग एकाएकीं मऊ जाहला आणि लोण्यांतून सुरी जावी तैसा फिरला. फोरमनसाहेबांनीं घाम पुसला आणि म्हणाले, "आला बघ वठणीवर!"

तो वठणीवर आला नव्हता, तो मेला होता. इंजिनाचें अंग अल्युमिनियमचें, बोल्ट पोलादाचा. नळशाहींतील ओतीव लोखंडास जो जोर सोसे तो यास सोसला नाहीं, आणि आंतील आटे समूळ कापले गेले. हें वर्तमान खाशांस ठाऊक नव्हतें. त्यांणीं नवें तेल ओतिलें, डबा झटकला, आणि लेकीस हांक मारिली कीं गाडी तयार आहे.

ताईसाहेब आल्या, वांकल्या. म्हणाल्या, "बाबा, गळतंय."

"आधीचं असेल."

"आधीचं काळं होतं. हे मधासारखं आहे."

मग फोरमनसाहेबांनीं बोल्ट पिळला, तो फिरला. उलटा फिरविला, तोही फिरला. भोंवरा फिरावा तैसा तो दोहीं बाजूंस राजीखुशीनें फिरूं लागला आणि तेल ठिबकत राहिलें. ते समयीं फोरमनसाहेबांचे तोंडचें पाणी पळालें. आणि ज्यांणीं गांवभर पाणी अडविलें, त्यांस आपले जिन्याखालीं तेलाची धार अडवितां येईना. मुदपाकखान्यांतील मोठें पातेलें दस्त करून गाडीखालीं धरिलें, त्यांत नवें तेल उतरविलें. बोल्ट बाहेर आला तों त्याचे अंगास चांदीचे तारेचें वेटोळें लपेटलेलें. तेच गेलेले आटे.

"ते दूध तापवायचं पातेलं आहे," बाईसाहेब इतकेंच बोलल्या.

फोरमनसाहेबांनीं मसलत सांगितली कीं पांढरी टेप गुंडाळूं, खात्यांत आम्हीं असे पुष्कळ नळ तगविले. टेप गुंडाळिली, बोल्ट घातला, तों टेप एकीकडे आणि बोल्ट दुसरीकडे जाहला. गॅरेज तर त्या दिवशीं अर्धे दिवसाचे सुटीस दुपारींच बंद जाहलेलें. ताईसाहेब पायरीवर बैसल्या, हातांत हेल्मेट, आणि आवाज न चढवितां बोलल्या, "बाबा, तेल गळणारी गाडी परीक्षेच्या मैदानात घेत नाहीत. फाटकावर पाटीच आहे. आणि उद्या परीक्षा हुकली तर जागा गेली. ही नोकरी मला कुणाच्या ओळखीनं नाही मिळाली हो."

फोरमनसाहेबांस आरडाओरडा जाहला असता तर सोसवला असता. हें शांत बोलणें सोसवेना. ते पान्याकडे पाहूं लागले, जणों हत्यारच फितूर जाहलें. मग म्हणाले, "माझ्यामुळं झालं." आणि ही कबुली बाईसाहेबांनीं लग्नानंतर प्रथमच ऐकिली, सबब त्या जिन्यावरोन एक पायरी खालीं आल्या.

तेव्हां ताईसाहेबांनीं मेला बोल्ट रुमालांत बांधिला आणि स्वतः सुट्या भागांचे दुकानीं कूच केलें. खासे फोरमनसाहेब हुकुमाविना मागोमाग चालले. दुकानदार दुकानाच्या निम्म्या फळ्या लावोन निघण्याचे बेतांत. त्यानें बोल्ट उजेडांत धरिला, वेटोळें पाहिलें, आणि पुसिलें, "काका, बोल्ट घट्ट केलात की सूड घेतलात?"

ताईसाहेब म्हणाल्या, "ते जाऊ द्या हो. मोठ्या मापाचा असतो ना? स्वतःच आटे पाडत जाणारा? मी मोबाइलवर बघितलं."

"असतो. पण हा एकदाच बसतो; पुढं तेल सोडायला याच्या पोटात छोटा बोल्ट आहे, तोच उघडायचा. छोट्या पान्यानं, सरळ धरून, थोडा पुढे थोडा मागे. टेकला की थांबायचं. याच्यावर जोर केलात तर मग इंजिनाचं खालचं अंगच बदला. आणि ते आज तर नाहीच, या महिन्यात मिळालं तर नशीब."

मग तो बोल्ट आणि तांब्याचें नवें वॉशर घेवोन उभयतां परतले. वाटेंत फोरमनसाहेब म्हणाले, "तूच बसव. माझा हात नको." त्यावर ताईसाहेबांनीं निवाडा दिला, "मला सरळ धरता येणार नाही, बाबा. तुमचा हात सरळ आहे. फक्त थांबत नाही. तुम्ही फिरवा, मी सांगते."

आणि जिन्याखालीं दुसरी लढाई उभी राहिली. पाइप तर ताईसाहेबांनीं आधींच वरचे मजल्यावर रवाना केला होता. फोरमनसाहेब जमिनीवर आडवे जाहले, बोल्ट बोटांनीं लाविला, पाना धरिला. थोडें पुढें, थोडें मागें. अल्युमिनियमचा बारीक कीस पुसून काढावा, पुनः थोडें पुढें. नवे आटे पडत गेले, बोल्ट आंत शिरत गेला, आणि अखेर वॉशर टेकलें. पान्यास जड लागलें.

"बस्स," ताईसाहेब म्हणाल्या.

येथें खरें रण माजलें. शत्रु इंजिनांत नव्हता, तो मनगटांत होता. मनगट म्हणे आणिक एक, फक्त एक, पोरीची गाडी आहे, वाटेंत सुटला तर काय. फोरमनसाहेबांचे कपाळीं शिरा उठल्या.

"बाबा. बस्स."

पाना खालीं पडला. खणकन् आवाज जाहला. त्यांणीं हात छातीवर घेवोन, एका हातानें दुसरा धरिला. मग थोडें तेल आंत फिरविलें, पोटांतील छोटा बोल्ट उघडोन राहिला कीस धुवोन काढिला, तो बोल्ट पुनः बेतानें लाविला, नव्या तेलाची भरती केली, गाडीखालीं पांढरा कागद अंथरला, आणि घर जेवावयास गेलें.

सकाळीं कागद कोरा होता. फोरमनसाहेब तो पाहण्यास सर्वांआधीं उतरले ऐसें त्यांस वाटलें; परंतु गाडीपाशीं आधींच कोणी बैसलें होतें. बाईसाहेब, पदर खोचून, हातीं घरांतील पक्कड.

"काय करतेस?"

"काही नाही. एकदा बघत होते फक्त. पोरगी जायची आहे त्याच्यावर."

पक्कड बोल्टास लागलीच होती. फोरमनसाहेबांनीं धांव घातली, बाईसाहेबांचें मनगट हळूच धरिलें आणि पक्कड सोडविली. आणि मग जें त्यांचे मुखांतून संसारांत कधीं निघालें नव्हतें तें निघालें:

"राहू दे गं. घट्ट आहे."

बाईसाहेबांनीं नवऱ्याचे कपाळास हात लावोन पाहिला. ताप नव्हता.

मग ताईसाहेबांनीं हेल्मेट चढविलें, फोरमनसाहेब मागें बैसले, आणि फौज मैदानावर दाखल जाहली. फाटकांत गाड्या तपासणारे अंमलदार चष्मा सांवरीत खालीं वांकले. फोरमनसाहेबही त्यांचेसवें वांकले, कोणीं बोलाविलें नसतां. तों सिमेंटवर, बरोबर इंजिनाखालीं, एक ओला ठिपका पडला. अंमलदारांनीं ठिपक्यास बोट लाविलें, बोट उजेडांत पाहिलें, मग मान वर केली.

"काका, हा तुमचा घाम आहे. जरा मागे व्हा. गाडी कोरडी आहे."

पुढें ताईसाहेबांनीं आठाचा आंकडा काढिला, चढावर गाडी थांबवून पुनः उठविली, वळणावर हात दाखविला आणि कोठेंही पाय टेकिला नाहीं. इंजिन बंद पडलें नाहीं. अंमलदारांनीं "पास" म्हणोन पुढल्या उमेदवारास बोलाविलें, इतक्या साधेपणीं ती फत्ते जाहली. ताईसाहेबांनीं तेथेंच प्रयोगशाळेस फोन करून कळविलें, आणि चाकरीवर त्यांचें नांव कायम जाहलें. मग बापाजवळ येवोन म्हणाल्या, "यापुढं तेल मी बदलणार. पेटी माझ्याकडं."

फोरमनसाहेबांनीं तह कबूल केला. परंतु त्यांचें लक्ष दुसरीकडे होतें. फाटकापाशीं कोणी एक अनोळखी गृहस्थ आपले गाडीची नंबरपाटी पान्यानें पिळीत होता, दांत आवळोन, सर्व जोर घालोन. फोरमनसाहेब त्याजकडे चालत गेले, खांद्यास हात लाविला, आणि जणों हें ज्ञान त्यांचे घराण्यांत सात पिढ्यांचें असावें ऐशा थाटांत बोलले, "अहो, बस्स. टेकला की थांबायचं असतं. लोकांना एवढंसुद्धा कळत नाही."

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. एक झांकण तडकलें, एक स्क्रू नाकाम जाहला, एक पातेलें घांसोन घांसोन पुनः मुदपाकखान्यांत रुजू जाहलें. बोल्ट आपले जागीं कायम आहे आणि कोरडा आहे. मजकूर जितका बसला तितका येथें बसविला. वाचणारानें आपले पदरीं घ्यावा, आणिक पीळ देऊं नये.