पाटावरचा मीटर

"आमच्या मंजूला स्क्रू दिसला की तिचा हात थांबत नाय," ठमाबाईंनी भर फुलबाजारात सांगून टाकलं. "गाडीचा मीटर ती घरीच काढणार, घरीच दुरुस्त करणार. दसऱ्याला बघा तुम्ही. काटा असा ताठ उभा राहील, जसा आमचा म्हातारा माझ्यासमोर उभा राहायचा."

म्हातारा वारला आहे, त्यामुळे त्याला कोणी विचारायला गेलं नाही. आणि मंजुषाने अजून हो म्हटलेलं नव्हतं, तिला हे माहीतच नव्हतं. पण ठमाबाई सुनेचा शब्द स्वतःच देतात. तेवढाच सुनेचा वेळ वाचतो.

मखमलाबादच्या पुढे त्यांचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेने निशिगंध. हा माल बाजारात नेणारी गाडी म्हणजे एक जुनी पांढरी मोटार, मागची सीट काढून तिथे क्रेट ठेवलेले. चालवणार मंजुषा आणि शेजारच्या सीटवर ठमाबाई. ती सीट काही साधी नाही. जन्मभर ठमाबाई फुलांच्या पाट्या मांडीवर घेऊन, कंडक्टरशी भांडत एसटीने बाजारात गेल्या. आता त्या काच खाली करून, कोपर बाहेर काढून जातात. वाटेत एसटी दिसली की सुनेला एवढंच म्हणतात, "हाण पुढं."

तर या गाडीच्या मीटरने मान टाकली. वेगाचा काटा शून्यावर आडवा झाला. पेट्रोलचा काटा भरल्या टाकीला रिकामी म्हणायला लागला आणि रिकाम्या टाकीला भरलेली. एकदा काट्यावर विश्वास ठेवला आणि दिंडोरी रोडवर शेवंतीसकट उन्हात उभं राहावं लागलं. बाजारात पोहोचेपर्यंत शेवंतीचं तोंड ठमाबाईंपेक्षा उतरलेलं होतं. मेकॅनिकने मीटरवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, अख्खा बदलावा लागेल, आणि तसला आता मिळत नाही.

मुलगा समाधान म्हणाला, "विकून टाकू. लासलगावचा केरूभाऊ गिऱ्हाईक आहे, दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी नेतो म्हणतोय. आपण टेम्पो घेऊ. चालवीन मीच."

ठमाबाईंना लगेच सगळं पुढचं दिसलं. टेम्पोत चालवायला समाधान, त्याच्या शेजारी हमाल, मंजुषा परत ओट्यावर हार ओवायला आणि आपण परत एसटीत. त्यात समाधानचं चालवणं असं की मागची बैलगाडी साइड मागते.

"दसऱ्याच्या आत मीच मीटर सुरू केला तर?" मंजुषाने विचारलं.

"तू?"

"मी. लग्नाच्या मांडवातल्या लायटिंगच्या माळा कोण दुरुस्त करतं आपल्याकडे? तुम्ही करता का?"

समाधान हसला. "बरं. दसऱ्याला मीटर नीट चालला तर गाडी तुझी. केरूभाऊला चहा पाजून मी स्वतः परत लावीन. नाही चालला तर गाडी त्याची."

"मी ऐकलंय हां," ठमाबाई आतून म्हणाल्या. त्यांनी ऐकलेला शब्द परत घेतलेला माणूस त्या मळ्यात अजून जन्मलेला नाही.

मंजुषाने दिवस निवडला खंडेनवमीचा. दसऱ्याचा झेंडू व्यापारी मळ्यातूनच भरून घेऊन गेला होता, गाडीला सुट्टी होती. सकाळी तिने पदर खोचला, आधी बॅटरीची वायर सोडली आणि स्टिअरिंगपुढे बसली. ठमाबाई दाराशी खुर्ची टाकून बघत होत्या. चेहरा असा, की काही विशेष चाललेलं नाही. पण मनातल्या मनात त्या थक्क होत्या. मीटरवरचं काळं झाकण त्या पोरीने असं अलगद उचललं, जसं झोपलेल्या बाळाचं टोपडं काढावं. निघालेले स्क्रू तिने कणकेच्या गोळ्यात खोचले, गाडीत जसे होते तसेच, डावीकडचे डावीकडे, वरचे वर. मग हात मीटरमागे घालून, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी वायरींचे सॉकेट सोडवले आणि अख्खा मीटर ओंजळीत घेऊन बाहेर आली. कुठे ओरखडा नाही की कुठे तुटलेली खिटी नाही.

"काय बघताय आत्या?"

"काय नाय. कणिक वाया घालवलीस, ते बघतेय."

ओसरीवर मंजुषाने पाट मांडला. पाटावर पांढरं स्वच्छ फडकं. फडक्यावर मीटर, त्याची पुढची काच काढून बाजूला ठेवलेली. मागच्या सर्किटच्या पाटीवरचा सोल्डरचा एक डाग तडकला होता, तो तिला लगेच सापडला. माळांना डाग द्यायची सोल्डरची सळई होती, ती तापवून तिने तो डाग परत भरला. दोन बल्ब मात्र गेलेले होते. ते आणायला ती समाधानच्या मोटरसायकलवर मागे बसून पंचवटीत गेली.

इकडे ठमाबाईंची पूजा सुरू झाली. खंडेनवमीला त्यांच्या घरातलं एकही लोखंड कोरड्या कपाळाने बसत नाही. विळा, खुरपं, तागडी, विहिरीवरची मोटर, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. मिक्सरलासुद्धा, तोही राबतोच की. दाराशी उभ्या गाडीच्या कपाळाला त्यांनी पाच बोटं ओढली, हार घातला आणि ताट घेऊन ओसरीवर आल्या.

समोर पाट. पाटावर पांढरं फडकं. फडक्यावर मीटर.

ठमाबाईंना भरूनच आलं. हल्लीच्या पोरींना सण समजत नाही म्हणतात. आणि ही बघा, जाता जाता पूजेची मांडणी करून गेली, सासूला सांगितलंसुद्धा नाही. त्यांनी मीटरला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वरून मूठभर अक्षता टाकल्या, मधोमध झेंडूचं टपोरं फूल ठेवलं आणि हात जोडले. "काट्या, आता नीट चाल रे बाबा. माझी सीट तुझ्या हातात हाय."

तेवढ्यात फोन वाजला. मंजुषा होती.

"आत्या, पाटावरच्या सामानाला कोणाला हात लावू देऊ नका बरं. म्हणून तर स्वच्छ फडक्यावर ठेवलंय. काट्याखाली एक कण गेला ना, तर काटा अडकेल."

ठमाबाईंनी मीटरकडे पाहिलं. मीटर दिसत नव्हता, झेंडू दिसत होता.

"कोण लावतंय हात? मी इथंच तर बसलीय."

फोन ठेवला आणि ठमाबाई कामाला लागल्या. फूल उचललं. पदराच्या टोकाने हळद पुसली. फुंकर घातली तर कुंकू अजून आत गेलं. मग समाधानचा टूथब्रश आणला आणि श्वास धरून एकेक तांदूळ बाहेर काढला. सगळे निघाले, असं त्यांना वाटलं. पण अक्षता कोणी मोजून टाकत नाही, त्यामुळे मोजून काढताही येत नाहीत.

मंजुषा आली, बल्ब बसवले, आणि नाक वर करून म्हणाली, "आत्या, हळदीचा वास येतोय."

"सण हाय. हळदीचा नाय येणार तर काय पेट्रोलचा येईल?"

मंजुषाने काच बसवली, मीटर जागेवर सरकवला, कणकेतून एकेक स्क्रू उपटून ज्याच्या त्याच्या घरात घातला. बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, लाल, हिरवे, निळे, आणि पेट्रोलचा काटा आळस देत उठला आणि खऱ्या जागी जाऊन थांबला. समाधानचं तोंड उघडंच राहिलं. ठमाबाईंनी सुनेवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली आणि मग आठवण झाल्यासारखं म्हणाल्या, "दिवे काय, माळांचे पण लागतात."

वेगाचा काटा तेवढा बघायचा राहिला. पण पुजलेलं हत्यार दसऱ्याआधी हलवायचं नाही, हा घरचा नियम. नियम ठमाबाईंचाच, तेव्हा मोडणार कोण? आणि त्या दिवशी तो मोडला नाही याचा सगळ्यात जास्त आनंद ठमाबाईंनाच झाला.

दसऱ्याच्या सकाळी केरूभाऊ आला. पांढरी टोपी, कडक इस्त्री, आणि आल्या आल्या पुढच्या सीटवर जाऊन बसला. ठमाबाईंच्या सीटवर. मग ठमाबाई आणि समाधान मागे, उपड्या क्रेटवर, मायलेक एसटीच्या टपावर बसल्यासारखे.

गाडी रस्त्याला लागली. काटा हलला. दहा. वीस. तीस. समाधानचा चेहरा पडत गेला आणि ठमाबाईंचा फुलत गेला. चाळीस.

चाळीस.

चाळीसच.

"ताई, जरा दाबा की," केरूभाऊ म्हणाला.

"दाबलंय," मंजुषा म्हणाली. बाहेर द्राक्षांच्या बागा भराभर मागे पळत होत्या. काटा चाळीसवर.

"इंजिन दमलंय मग."

"इंजिन नाय दमलं, काटा अडकलाय," समाधान मागून म्हणाला. "म्हणजे मीटर काही दुरुस्त झालेला नाय. मंजू, शब्द तो शब्द."

मंजुषाचे कान लाल झाले.  ठमाबाई क्रेटवर पुढे सरकल्या. बोलावं तर अक्षता बाहेर येतात, गप्प बसावं तर गाडी हातची जाते. पोरीने डोळे मिटून बोटांनी केलेलं काम, आणि त्यावर आपला मूठभर तांदूळ! त्यांनी पुढे पाहिलं. गतिरोधक येत होता.

"मंजू, हा जोरात घे."

"काय आत्या?"

"जोरात घे म्हणते ना. माझी कंबर धरलीय, मोकळी होईल."

सासूचं ऐकायची मंजुषाला सवय होती. धाडकन आवाज झाला. क्रेट उडाले, मायलेक उडाले, केरूभाऊची टोपी छताला लागून नाकावर आली, आणि काटा चाळीसवरून जो सुटला तो थेट एकशे चाळीसला जाऊन थडकला. घाबरून मंजुषाने पाय उचलला. गाडी मुंगीच्या चालीने चालायला लागली. काटा मात्र एकशे चाळीसवरच.

केरूभाऊने टोपी वर केली आणि मीटर पाहिला. रस्ता त्याने पाहिलाच नाही.

"अहो थांबवा! सणासुदीचा दिवस आहे, घरी पोरंबाळं आहेत माझी."

"काका, गाडी हळूच चाललीय."

"एकशे चाळीसला हळू म्हणता?" त्याने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड कवटाळला आणि डोळे मिटले.

रस्त्याच्या कडेने गावातले सावळीराम तात्या काठी टेकत पायी चालले होते. गाडीच्या बरोबरीने चालत त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि केरूभाऊच्या मुठीत आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या," म्हणाले, "आणि पाय मोकळे करायचे तर उतरा खाली. मी तुमच्या आधी पोहोचेन."

केरूभाऊने एक डोळा उघडला, मग दुसरा. मग तो उतरला. "उभ्या उभ्या एकशे चाळीस दाखवणारी गाडी मला नको," त्याने सांगून टाकलं.

"दुसरं गिऱ्हाईक बघतो," समाधान म्हणाला.

मंजुषाने गाडी निंबाच्या सावलीत घेतली. दाराच्या कप्प्यातून पेचकस काढला. "काका, तुमची टोपी द्या जरा."

"टोपी? कशाला?"

"स्क्रू ठेवायला. कणिक आणली नाही."

आणि भर रस्त्यात, तीन पुरुष आणि एक सासू बघत असताना, तिने परत तो मीटर काढला. झाकण, स्क्रू, सॉकेट, काच. एकदाही हात थबकला नाही. सावळीराम तात्या काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. केरूभाऊ गाडी नको म्हणायचं विसरला. मंजुषाने केसातली पिन काढली, काट्याच्या मागे घातली, आणि जे निघालं ते तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर धरलं.

कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

 सगळे ठमाबाईंकडे बघत होते. ठमाबाई निंबाकडे बघत होत्या.

"अक्षता वाटते," सावळीराम तात्या म्हणाले.

"पाखरानं आणली असेल," ठमाबाई म्हणाल्या.

मंजुषाने दाण्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, सासूच्या पदराच्या पिवळ्या टोकाकडे पाहिलं. आणि म्हणाली, "हो, पाखरंच असणार. आपल्याकडे लय पाखरं हायेत."

असली सून गावात दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. हे ठमाबाईंनी तिला त्या वेळी सांगितलं नाही, पण पुढे सगळ्या फुलबाजाराला सांगितलं, पाखराचा भाग वगळून.

मीटर बसवला. गाडी पुन्हा धावली आणि काटा तिच्याबरोबर चढला, तिच्याबरोबर उतरला. समाधानने मागून घसा खाकरला. "गाडी तुझी," तो म्हणाला. तेवढं बरं केलं, नाहीतर त्याची आई बसलीच होती शेजारी.

"आता मात्र ही गाडी मीच घेणार," केरूभाऊ म्हणाला.

"मघाशी नको होती ना?" ठमाबाईंनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या, पुढचं दार उघडलं. "केरूभाऊ, मागं बसा. ही सीट माझी हाय."

परत येताना केरूभाऊ क्रेटवर बसला, टोपीला ग्रीसचे डाग, हातात आपट्याचं पान. मळा येईपर्यंत त्याने त्याच्या टेम्पोचा मीटर दुरुस्तीसाठी मंजुषाच्या गळ्यात मारला होता. पुढच्याच आठवड्यात लासलगावहून तो मीटर आला.

मंजुषाने तो उपड्या क्रेटवर ठेवला. पाट आता ओसरीवर दिसत नाही. "स्क्रू दिसला की माझा हात थांबत नाही," ती समाधानला म्हणत होती, "आणि पाट दिसला की आत्यांचा."

ठमाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जाता जाता क्रेटच्या कडेला बोटभर कुंकू तेवढं लावलं, बाहेरून. अक्षता नाही टाकल्या. टाकल्या असत्या, पण अक्षतांची डबी कुठे ठेवलीय ते आता मंजुषाला विचारावं लागतं.