टाकीवरचा ई-मेल

प्रशांत भिंगारदिवेच्या लॅपटॉपवर मेल येत होते, पण जात नव्हते. आणि त्या शुक्रवारी सकाळी आलेला मेल वाचल्यावर त्याला एक मेल पाठवल्यावाचून चैन पडणार नव्हतं.

राहात्याच्या बाहेर, पेरूच्या बागेतल्या घरासमोर तो बाजेवर बसला होता. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला केबल, केबलच्या टोकाला मोबाईल. लॅपटॉप आणि मोबाईल पुण्याच्या कंपनीचे, फिरतीवरच्या इंजिनिअरांना वापरायला दिलेले. १९९९ सालच्या त्या डिसेंबरात मोबाईल म्हणजे भलतंच कौतुक होतं. शिर्डीच्या बाजूला टॉवर झाल्यापासून बागेत एखादी दांडी रेंज यायची, तीसुद्धा मनात असेल तर. पण तेवढ्या एका दांडीवरून भोपटकर साहेबांचा मेल बरोबर येऊन थडकला होता : ‘चाकणच्या गिऱ्हाइकाला मशीन चालवून दाखवायचं आहे. रविवारी सकाळी हजर राहा. सबब चालणार नाही.’

रविवारी दीपाचा, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका बहिणीचा साखरपुडा होता. प्रशांतने नाशिकच्या दौऱ्यावरूनच मेल करून रजा मागितली होती. साहेबांनी त्यावर हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. प्रशांतने त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला आणि तो परस्पर घरी आला. आता हे!

त्याने तिथल्या तिथे चार ओळींचा राजीनामा लिहिला. शेवटच्या ओळीत ‘सबब चालणार नाही’ हे साहेबांचंच वाक्य साहेबांना परत केलं, आणि पाठवायचं बटण दाबलं. मोबाईल किरकिरला, लॅपटॉपने बराच वेळ विचार केला आणि ‘पाठवता आले नाही’ असं सांगून मोकळा झाला. प्रशांतने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. रागाच्या भरात माणूस एकदा दार आपटतो. इथे दार आपटायला जावं तर ते बंदच होत नव्हतं.

“काय रं, मशीनवर का चिडलाय?” चांगुणाबाईंनी चुलीपुढूनच विचारलं.

“काही नाही आई. ऑफिसचं पत्र आहे. जात नाहीये.”

एवढं बोलला आणि फसला. कारण हे सोपानरावांनी ऐकलं. प्रशांतचे आप्पा साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. मुलाची नोकरी हा त्यांच्या बोलण्याचा आवडता विषय, आणि बिघडलेलं यंत्र हा त्याहून आवडता. दोन्ही एकाच बाजेवर सापडल्यावर ते थांबणार कसले?

“सरक जरा,” ते म्हणाले. “येनारं येतंय आन् जानारं जात न्हाई. म्हंजी जॉईंट ढिला हाय.”

“आप्पा, तसं नसतं ते.”

“समदं तसंच असतंय.” त्यांनी केबल काढली, धोतराच्या सोग्याने टोकं पुसली, फुंकर मारली आणि पुन्हा बसवली. “मार आता.”

प्रशांतने बटण दाबलं. पाठवता आले नाही.

“भाऊ, मी फोन वर धरून बघू का?” दीपाने विचारलं. उद्या पार्लरला जायचं म्हणून ती चेहऱ्याला बेसन लावून बसली होती. तशीच ती मोबाईल डोक्यावर धरून बाजेवर उभी राहिली, आणि तेवढ्यात शेजारचे मच्छिंद्र गाडेकर बांधावरून आले.

मच्छिंद्रकाकांकडे डिश होती. सबंध वस्तीचे टीव्ही आणि अँटेना त्यांच्या सल्ल्याने फिरत. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि मान हलवली.

“ते दोन हजार सालाचं लफडं हाय. पेपरात आलतं. समदी कॉम्प्युटरं बंद पडनार हायेत.”

“त्याला अजून वेळ आहे, काका.”

“मंग रेंज! येताना पत्र वरून खाली येतंय, आपसूक. जाताना त्याला चढायला लागतंय. त्याला उंची पायजे.” त्यांनी चौफेर नजर फिरवली. ती वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन थांबली.

प्रशांतला हाच क्षण होता ‘राहू द्या’ म्हणायचा. पण काय पाठवायचंय ते सांगितल्याशिवाय ‘राहू द्या’ म्हणता येईना. आणि आप्पांनी तर लॅपटॉप टॉवेलात गुंडाळायलाही घेतला होता.

लहानपणी ज्या टाकीवर चढला म्हणून आप्पांनी त्याला फोकाने झोडपलं होतं, त्याच टाकीच्या शिडीवर आज आप्पा त्याला मागून ढकलत होते. तो वर पोचला. कठड्याला पाठ लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. मोबाईलवर तीन दांड्या होत्या. खाली बघायची त्याची हिंमत नव्हती.

“गेलं का?” खालून आप्पा ओरडले.

“नाही!”

“आजून एकदा मार! दम धर, पन मारत ऱ्हा!”

आता टाकीखाली माणसं गोळा व्हायला लागली. बाजारात निघालेल्या दोघी-तिघी बायका थांबल्या. वस्तीतली कडूबाई शेळ्या सोडून आली, शेळ्या पेरूच्या बागेत गेल्या. चांगुणाबाईंनी दोराला बादली बांधायला लावली आणि तीतून भाकरी-ठेचा वर धाडला, कारण ऑफिसचं काम असलं तरी पोरगं उपाशी होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी कोपरगावहून छगनराव आले. छगनराव म्हणजे दीपाचे होणारे सासरे. रविवारी किती माणसं आणायची ते विचारायला आले होते. घराला कुलूप, टाकीखाली गर्दी, टाकीवर नवरीचा भाऊ. ते तसेच टाकीकडे धावले.

“पोरगं वर कशाला गेलंय?” त्यांनी कडूबाईला विचारलं.

“काय की. सकाळधरनं कुनाचं तरी ऐकंना म्हनं.”

छगनरावांनी पेपरात वाचलं होतं. टाकीवर चढतो तो काहीतरी मागणी घेऊनच चढतो. ते गर्दीत घुसून मान वर करून ओरडले, “प्रशांतराव! आमच्याकडून काय कमी-जास्त झालं आसंल तर सांगा! आमाला काई द्यायचं-घ्यायचं न्हाई हो! आदी खाली या!”

“पावनं, तसं काई न्हाई,” सोपानराव त्यांना बाजूला घेऊन म्हणाले. “कंपनीचं काम हाय. माज्या पोरावाचून त्यांचं पान हालत न्हाई. सुट्टीवर आलाय तरी सोडीनात. टाकीवर बसून काम करतोय, पन करतोय! सांगा बरं, आसा नोकरदार दावा मला नगर जिल्ह्यात.”

आप्पांचा आवाज कारखान्यात भोंग्यावर मात करायला घडलेला. वर बसलेल्या प्रशांतला शब्द न् शब्द ऐकू आला. त्याने पहिल्यांदाच कठड्यावरून खाली पाहिलं. आप्पा छाती काढून उभे होते. आई पदराने ऊन अडवून वर बघत होती. दीपा बेसन वाळलेल्या तोंडाने सासऱ्यांपासून लपत मच्छिंद्रकाकांच्या मागे उभी होती. एवढी सगळी माणसं जीव तोडून त्याला नोकरी सोडायला मदत करत होती, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

त्याचा राग एकदम विरला. नको हा राजीनामा. साहेबांना फोन करू, हातापाया पडू. मेल पुसून टाकावा म्हणून त्याने बोट पुढे केलं, आणि तेवढ्यात लॅपटॉपने आपणहून पुन्हा एकदा इंटरनेटचा नंबर फिरवला. मोबाईलवर चौथी दांडी उगवली. पडद्यावर निळी पट्टी सुळसुळत टोकाला गेली : ‘पाठवले.’

“गेलं का?”

“गेलं,” प्रशांत कसाबसा म्हणाला.

खाली टाळ्या पडल्या. “मी म्हनलं न्हवतं, उंची पायजे!” मच्छिंद्रकाकांनी जाहीर केलं. चांगुणाबाई पेरू वाटायला लागल्या. फक्त प्रशांत खाली येईना. बराच वेळ झाला तसे सोपानराव स्वतः शिडी चढायला लागले.

“आता बाप पन निगाला!” छगनराव हताश होऊन म्हणाले आणि खालीच बसले.

आप्पा धापा टाकत वर आले. मुलाचा चेहरा पाहून ते शेजारी टेकले. मग प्रशांतनेच सांगितलं. रविवार, चाकण, चार ओळी, सगळं.

सोपानरावांनी बागेकडे पाहिलं. तिथे कडूबाईच्या शेळ्या मजेत चरत होत्या.

“मी जॉईंट पुसला त्याचा,” ते म्हणाले. “माज्याच सोग्यानं.”

“चुकलं, आप्पा.”

“साहेबाचा नंबर लाव. आन् दे हिकडं.”

“तुम्ही काय बोलणार?”

“चूक झाल्यावर काय बोलत्यात तेच. लाव.”

चार दांड्या होत्या. फोन लगेच लागला. आप्पांनी मोबाईल दोन्ही हातांनी कानाशी धरला. “हालो! साहेब, मी प्रशांतचा बाप बोलतोय, राहात्यावरून. पोरगं तापट हाय पन मनानं वाईट न्हाई. तुमाला त्यानं राजीनामा धाडलाय, तेवडा फाडून टाका. मी माफी मागतो.”

पलीकडून काहीतरी आलं. आप्पांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी मोबाईलवर हात ठेवला.

“त्ये म्हनत्यात, कसला राजीनामा? त्यांना काईच मिळालं न्हाई.”

प्रशांतने कपाळाला हात लावला. जे मेलला जमलं नव्हतं ते आप्पांनी एका वाक्यात पोचवलं होतं. त्याने फोन घेतला.

“भिंगारदिवे, हा काय प्रकार आहे?” भोपटकर साहेब विचारत होते. “राजीनामा कशाबद्दल?”

“साहेब, रविवारी बहिणीचा साखरपुडा आहे.”

“मग मला आधी सांगायला काय झालं होतं?”

“नाशिकहून मेल केला होता साहेब. रजेचा अर्ज.”

पलीकडे कागद चाळल्याचा, टाईप केल्याचा आवाज. “मला कुठलाही मेल आलेला नाही. मी तर तुम्ही नाशिकलाच आहात असं धरून चाललो होतो. तुमचा आठवडाभरात एकही मेल नाही, म्हणून मीच वैतागलो होतो!”

दोघंही आपापल्या जागी खरे ठरले, त्यामुळे भांडायला काही उरलं नाही. शेवटी साहेबच म्हणाले, “चाकणचं सोमवारी ठेवतो. साखरपुडा करून या.”

आप्पांनी फोन ओढून घेतला. “साहेब, रविवारी तुमी पन या. न्हाई म्हनू नका.”

साहेब हसले. “येईन की. पत्ता तेवढा मेल करायला सांगा.”

“नगं, नगं! मी सांगतो, लिवून घ्या,” आप्पा घाईने म्हणाले. पत्ता सांगून झाल्यावर ते कठड्याशी उभे राहिले आणि भोंग्याच्या आवाजात खाली ओरडले, “छगनराव! पुन्याचं साहेब येनार हायेत साखरपुड्याला!”

छगनराव धडपडून उठले. “आवो, मंग हे खाली येऊन सांगायचं ना!”

रविवारी साखरपुडा झाला. साहेब खरंच आले, पोटभर जेवले, पिशवीभर पेरू घेऊन गेले. सोमवारी चाकणला मशीन चाललं. मंगळवारी सकाळी प्रशांत ऑफिसात शिरतो न शिरतो तोच साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि ते कॉम्प्युटरकडे बघत होते.

“या, भिंगारदिवे. आपल्या ऑफिसची तुंबलेली लाईन सुटली एकदाची. तुमचे मेल आले.”

प्रशांतने वाकून पडद्याकडे पाहिलं. त्याने जितक्या वेळा बटण दाबलं होतं, तितक्या प्रती लॅपटॉपात साठल्या होत्या आणि टाकीवरून सगळ्या एकदम निघाल्या होत्या, हे त्याला आत्ता उमगलं.

“आठ राजीनामे आहेत,” साहेब सावकाश म्हणाले. “रजेचा अर्ज मात्र अजून आलेला नाही.”