परबांचा काटा

माणूस समोर आला की आपण आधी त्याचा चेहरा बघतो. आमचे शेजारी दत्ताराम परब त्याचं वजन बघत. लग्नात नवरानवरी स्टेजवर उभी राहतात न राहतात तोच हे माझ्या कानाशी, "ती अठ्ठेचाळीस. नवरो सत्त्याऐंशी. विमानाचा तिकीट मात्र दोघांक एकच!"

परब सांताक्रूझच्या विमानतळावर सामान वजन करायच्या काउंटरवर होते. अंधेरीच्या आमच्या चाळीत विमानांचा आवाज दिवसभर, पण आतून बाहेरून विमान माहीत असलेला माणूस हा एकच. आणि त्याचंच विमान कंपनीशी वाकडं. वीस किलो सामान फुकट, त्यापुढे किलोमागे पैसे. बॅग उचलून आणणारा माणूस मात्र कितीही किलोचा चालतो, हे त्यांना मुळीच पटत नसे. "ह्यो खंयचो न्याय?" माणसाला बॅगेसकट काट्यावर उभं करावं आणि एकूण वजनावर तिकीट लावावं, असे अर्ज ते वर पाठवत. वरचे साहेब शंभर किलोच्या पुढचे होते. अर्जाला उत्तर येत नसे.

सत्त्याऐंशी साली माझी ताई टायफॉइड होऊन माहेरी आली. दोन महिन्यांत पार वाळून गेली. परब तिला बघायला आले, दारातच थांबले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आकडा आला नाही. "बरी हो गो," एवढंच म्हणाले आणि गेले.

मेहुणे कलकत्त्याला. परतीचा दोन दिवसांचा रेल्वेप्रवास डॉक्टरांनी साफ नाकारला, म्हणून बाबांनी फंडातून पैसे काढून विमानाचं तिकीट घेतलं. आईने पोरीच्या अंगावर मांस चढावं म्हणून डिंकाचे लाडू, नाचणीचं सत्त्व, घरचं तूप असं सगळं बॅगेत कोंबलं. काउंटरवर नेमके परबच. काटा सव्वीसवर.

"भावोजी, घरचीच पोर आहे. जरा काणाडोळा करा ना," आई म्हणाली.

"वहिनी, काटो कोणाचो भावोजी नाय."

मला इतका राग आला! बाबांनी खिसे चाचपले, पैसे पुरेनात. आई रांगेतल्या लोकांसमोर खाली बसली, बॅग उघडून लाडवांचा डबा बाहेर काढू लागली. ताई भिंतीला टेकून रडत होती.

"डबो आत ठेवा," परब ओरडले. त्यांनी सहा किलोंची पावती फाडली, स्वतःचं पाकीट काढलं, पैसे गल्ल्यात टाकले आणि ताईला खिडकीची सीट दिली. "पुढचो कोण?"

संध्याकाळी बाबा आणि मी पैसे परत द्यायला गेलो. परब एकटेच भात टाकत होते. बाबांचा हात त्यांनी बाजूला सारला.

"हिका ऑपरेशनाक मद्रासाक नेलंय तेव्हा," भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत ते म्हणाले. "एकतीस किलो उरलेली. तिकीट पुरा. वर औषधां नि स्टो, दोन किलो जास्त. माझ्याच काट्यावर. मीच पावती फाडलंय." त्यांनी भातावर झाकण ठेवलं. "येताना एकटोच इलंय."

त्या खोलीत मी हजारदा गेलो असेन, त्यांची नक्कलसुद्धा केली असेन. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. आजही आमच्या घरी परबांचं नाव निघालं की आईचे हात आपोआप जोडले जातात.

नंतर ताईचं पत्र आलं की परब दारात हजर. "किती झाली?" चाळीस. त्रेचाळीस. सत्तेचाळीस. ताईसुद्धा मजकुराच्या आधी वजनच लिहू लागली.

पन्नास झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी परबांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. मी बॉक्समध्ये हात घातला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू एकच घे," ते म्हणाले, "बहात्तर झालंस."