एका जेवणाचं अंतर

मोतीरामभाऊ गाडीत बसून गाडी पाहत नाहीत. गाडीच्या मागून चालत पाहतात.

कारंज्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली, की तो ती आधी आमच्या गल्लीत आणतो आणि माझ्या शेजारच्या घरासमोर उभी करतो. मोतीरामभाऊ बाहेर येतात. बोनेट उघडायला सांगत नाहीत. किलोमीटरच्या आकड्याकडे तर बघतही नाहीत. "आकडा मानसाच्या हातचा हाय. फिरवला की फिरला." मालकाला एवढंच म्हणतात, "चालव. बैलाच्या चालीनं चालव." मग गाडी मुंगीच्या पावलानं देवळाच्या कोपऱ्याकडे निघते, आणि तिच्यामागे हात पाठीशी बांधून, मान तिरपी करून मोतीरामभाऊ चालतात. त्यांच्यामागे चार रिकामे लोक. परगावच्या माणसानं पाहिलं, तर तो रस्त्याच्या कडेला थांबून हात जोडतो.

कोपऱ्यावर निकाल लागतो. "मागचा डावा पाय झटकून राह्यली." मेकॅनिकनं खोलून पाहिलं, तर मागच्या डाव्या चाकाचं बुश गेलेलं असतं. हे मी चार वेळा डोळ्यांनी पाहिलं आहे. पाचव्या वेळी काहीच निघालं नाही. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की मालकानं आपल्या भीतीनं रातोरात दुरुस्त करून आणली असेल.

चाळीस वर्षं मोतीरामभाऊ बैलबाजारातले दलाल होते. दात, वशिंड, खूर, भोवरा. विदर्भातले अर्धे बैल आपण मागून पाहिले आहेत, असं ते म्हणतात आणि त्यांच्या तोंडी ही बढाई वाटत नाही. पुढे ट्रॅक्टर आले, बाजार विरळ झाला. भाऊंनी आपली विद्या होती तशी उचलली आणि चाकांवर ठेवली. पेडलचं रबर म्हणजे त्यांच्या लेखी गाडीचे दात. रबर किती झिजलं यावरून गाडी चार दाती, सहा दाती किंवा जुळलेली, म्हणजे पुऱ्या दातांची. शोरूममधून काल निघालेली गाडी म्हणजे गोऱ्हा: "त्याले अजून वळन लागाचं हाय, घाई नोको करू." ब्रेकचं रबर जास्त झिजलेलं असेल, तर मालक घाबरट. क्लचचं असेल, तर मालकाचं घरात कुणी ऐकत नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो. पुस्तकांवरची धूळ झटकणं आणि आतल्या मजकुरावर शंका घेणं, यात माझं आयुष्य गेलं. भाऊंच्या शास्त्राला मी मनातून हसत असे. स्कूटर घेतली तेव्हा मात्र तिच्यामागून त्यांना चालायला लावलंच.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत एक निळी जर्मन गाडी आली. एका कंत्राटदाराची. या गृहस्थाचं नाव सांगत नाही, कारण ते गावातल्या प्रत्येक खांबावर फोटोसकट लिहिलेलं आहे. नावाआधी 'भावी' हा शब्द आहे. ही गाडी त्यानं पुण्याहून, तिसऱ्या मालकाकडून आणली होती. टर्बो इंजिन, जमिनीला टेकलेली बांधणी, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसली. किलोमीटर पावणेदोन लाख. विकायचं कारण त्यानं प्रांजळपणे सांगितलं: "भाऊ, येच्यात बसलेला मानूस लोकायले दिसतच नाई. हार कोनाले घालतीन लोक? मले उंच गाडी पाह्यजे."

भाऊ तिच्यामागून चालले. एकदा गेले. परत आले. पुन्हा एकदा गेले. दोनदा चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कोणासाठी पाहता?" मी विचारलं.

"माह्यासाठी."

मोतीरामभाऊंचं वय एकाहत्तर. पत्नीला जाऊन नऊ वर्षं झाली. शेत मक्त्यानं दिलेलं. एकुलती मुलगी वंदना लग्न होऊन संभाजीनगरला. भाऊंचं जाणं-येणं म्हणजे सकाळी बसस्टँडवर जाऊन पेपर वाचणं आणि संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसणं. या दोन ठिकाणांना मिळून टर्बोची गरज पडत नाही.

"कायले पाह्यजे हो तुम्हाला?" मीही त्यांच्याच बोलीवर घसरलो.

"हौस," ते म्हणाले आणि कंत्राटदाराकडे वळले. "मले एकच सांग बापा. जेवून निघालो, संभाजीनगर जाऊन आलो, त रातच्या जेवनाले घरी येनं होते का?"

भाऊ अंतर जेवणात मोजतात हे मला तेव्हा नव्यानं कळलं. मी ते माझ्या मनातल्या भाऊंच्या गमतींच्या यादीत टाकून दिलं.

कंत्राटदार हसला. "भाऊ, समृद्धीवर टाका. जाऊन, तीन-चार तास बसून, दिवसाउजेडी निघसान. जेवन गरम भेटन."

दुसऱ्या दिवशी त्यानं भाऊंना समृद्धी महामार्गावर नेलं. मीही मागे बसलो. भाऊंनी हयातभर ट्रॅक्टर आणि जीप चालवलेली. चालकाच्या सीटवर टेकले आणि म्हणाले, "हे त पंगतीत बसल्यावानी वाटते." मग गाडी सुटली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. मधूनच पुटपुटत होते, "हो... हो... बास... शाबास." गाडी खरोखरच ऐकत होती. उतरल्यावर त्यांनी तिच्या छपरावर थाप मारली आणि तळहात तसाच थोडा वेळ तिथे राहू दिला.

त्याच संध्याकाळी ते माझ्या ओसरीवर आले. हातात टोपी.

"सर, तुमी पाहा आता. पुस्तकं वाचा, फोनमधी पाहा, काय पाह्यचं ते पाहा. घ्याची का नाई, तुमी सांगा."

"मी? अख्खं कारंजं तुम्हाला विचारतं."

मग त्यांनी मला बाजाराचा नियम सांगितला. दलाल स्वतःचा बैल स्वतः पारखत नाही. मन गुंतलेलं असतं, खोट दिसत नाही. त्यानं दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, आणि तो जे म्हणेल ते मानायचं. मग वाद नाही. "मी तुमाले शब्द टाकला. तुमी म्हनसान ते."

मला हे फार आवडलं, हे आज कबूल करतो. दुसऱ्यांच्या डामडौलाला हसत जन्म काढलेल्या माणसाला कुणी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं, की तो काय करतो? ताठ बसतो. मी आठवडाभर अभ्यास केला. जर्मन गाड्यांची टायमिंग चेन, टर्बोचं आयुष्य, सुटे भाग किती दिवसांनी येतात, अकोल्याच्या अलीकडे हिला हात लावणारा कुणी आहे का. बारा मुद्दे काढले, फुलस्केप कागदावर, समासासकट. शेवटचा मुद्दा वयाचा होता. तो लिहिताना भाषा जरा खेळकर ठेवली, म्हणजे त्यांना लागणार नाही.

भाऊंनी कागद चष्मा लावून वाचला. प्रत्येक मुद्द्याखाली बोट सरकत होतं. आठव्या मुद्द्याशी थांबले. "हे खरं हाय. चेनचा आवाज मले बी आला होता." पुन्हा बोट सरकू लागलं. बारावा वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची चौघडी केली.

"म्हंजे नाई."

"नाही, भाऊ. शहाणपणानं पाहिलं तर नाहीच."

"बरं," ते म्हणाले. कंत्राटदाराला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "आमचं जमत नाई बापा. गाडी चांगली हाय, कोनी चांगला मानूस पाहून देजो." पुढच्या आठवड्यात ती अमरावतीला गेली. मला अभिमान वाटला होता. एका म्हाताऱ्या माणसाला मी खड्ड्यात पडण्यापासून वाचवलं होतं.

मार्चमध्ये मला डोळे दाखवायला संभाजीनगरला जायचं होतं. भाऊंनी तुरीच्या डाळीची पिशवी दिली. "वंदीच्या घरी टाकून देजा, सर. रस्त्यातच हाय." ते अजिबात रस्त्यात नव्हतं, पण मी गेलो.

वंदनानं दार उघडलं, पिशवीचा वास घेतला आणि हसली. मला जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाली. नवरा कंपनीत गेलेला. ताट वाढता वाढता तिनं विचारलं, "सर, बाबांच्या त्या गाडीचं काय झालं हो? निळ्या?"

मी मोठ्या समाधानानं बारा मुद्दे सांगायला लागलो. चौथ्या मुद्द्याला माझ्या लक्षात आलं की ती वाढायची थांबली आहे.

"म्हनजे घेतली नाही," ती म्हणाली. "मले त म्हने, वंदे, आता महिन्यातून दोनदा येतो."

"भाऊंना बसनं येता येईल की. राहावं चार दिवस."

"सर, तुमाले ठाऊक नाही?" ती समोर बसली. "आमच्यात लेकीले लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. पानीबी पेत नाही."

वंदनाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आहेत.

"पहिले बसनं येत. आपली पान्याची बाटली संगं घेऊन. दोन तास बसत, बोलत. मग म्हनत, इथं एका दोस्ताकडं मुक्काम हाय. यांनी एकदा गाडीनं सोडतो म्हटलं, तेव्हा समजलं, दोस्त-बिस्त कोनी नाही. स्टँडजवळच्या लॉजवर झोपत. आता गुडघे दुखतात, लॉजचे जिने चढनं होत नाही. दोन वर्षं झाले, आले नाहीत."

"तू सांगून पाहायचं. आजकाल कोण पाळतं हे?"

"सांगतलं न. म्हटलं, बाबा, सोडा आता, एक घास खा. तर म्हने..." तिनं डाळीच्या पिशवीची गाठ उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. "म्हने, मी जेवलो तर मंग मी आशा सोडल्यासारखं होईन, वंदे. कोनीतरी धरून राह्यलं पाह्यजे."

मी जेवलो. नाही म्हणणं शक्य नव्हतं. ती दर घासाला आग्रह करत होती.

कारंज्याला परत आलो आणि सरळ भाऊंकडे गेलो. रागावूनच. "तुम्ही मला सांगितलं का नाही? हौस म्हणालात!"

भाऊ पायरीवर गुडघ्याला तेल चोळत होते. "सांगतलं असतं त तुमी हो म्हटलं असतं."

"अर्थातच म्हटलं असतं!"

"मंग गाडी कोनं पाह्यली असती?"

 मी म्हटलं, दुसरी शोधू, साधी, कमी चाललेली. ते म्हणाले, एकदा नाही म्हणून हात झटकला, की त्या साली बाजार बंद. पुढच्या साली पाहू. म्हटलं, भाड्याची करू, मी सोबत येतो. त्यावर ते हसले. "तुमाले अन् डायवरले वाढन वंदी. मी काय, समोर बसून तुमचे घास मोजू?"

 त्यांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"काय केलं होतं जेवाले?"

मी सांगितलं. वरण, पोळ्या, वांग्याची भाजी.

"वरनाले फोडनी कायची? लसनाची का जिऱ्याची?"

"लसणाची."

"तिची माय बी लसनाचीच देये. पोया पातळ होत्या का जाड?"

"पातळ."

"तिखट?"

"बेताचं."

"बेताचं," ते म्हणाले. "तिकडं राहून कमी झालं असन." लोणचं होतं का, कशाचं होतं, भात आधी वाढला की नंतर, ती स्वतः जेवली का माझ्यासोबत, असं ते एकेक विचारत गेले आणि मी आठवून आठवून सांगत गेलो. जे आठवलं नाही तेही सांगितलं. शेवटी विचारायचं काही उरलं नाही असं वाटून मी उठलो.

"सर," ते म्हणाले. "तिथलं पानी कसं हाय? गोड हाय का?"

मी दोन तांबे प्यालो होतो. चव आठवत नव्हती.

"गोड आहे," मी म्हणालो.