यादीतून गळालेली अकरा माणसं

गफूरचाचा माणसं मोजतात. कारण असो वा नसो. पाच जण एसटीतून उतरले की पाचही फाटकातून आत येईपर्यंत त्यांना चैन नाही. चहाचे कप, लग्नातली पंगत, दर्ग्याबाहेरच्या चपला, सगळीकडे एकच सवाल, "गेले किती, आले किती?" एकदा मयतीला माती देऊन कबरस्तानातून परतताना त्यांनी सवयीनं मोजलं आणि ओरडले, "थांबा बे, एक कमी हाये!"

सोबतचा म्हणाला, "चाचा, एकाले ठेवून आलो ना आपण!"

लोणारला आमचं धर्मादाय नेत्रकेंद्र आहे. चाचा तिथले जुने शिपाई. मी पुण्याला जाऊन 'आर' नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकून आलेला. चाचा मला "इंजनेर साहेब" म्हणत. मी इंजिनिअर नाही, पण त्यांना कधी सुधारलं नाही. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. फायली तीन: नावनोंदणीची, डोळे तपासणीची आणि रक्तातल्या साखरेची. तिन्हींत कार्ड नंबरचा रकाना होता. त्या रकान्यावर फायली जोडल्या की प्रत्येक माणसाची एक ओळ तयार. मी आरला 'मर्ज' सांगितलं, एंटर दाबलं, झालं. लाल अक्षरांत एक तक्रार नाही. मागे चहा घेऊन चाचा उभेच.

"साहेब, अंदर गेले किती? बाहेर आले किती?"

"चाचा, हा कॉम्प्युटर आहे. दर्ग्यातल्या चपला नाहीत."

सगळे हसले. चाचाही हसले आणि कप ठेवून निघून गेले.

यादीतल्या लोकांना फोन झाले, गाडी त्यांना घेऊन बुलढाण्याला ऑपरेशनच्या शिबिराला गेली. दुसऱ्या दिवशी चाचांनी आपलं हातानं लिहिलेलं रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. अकरा जण राहिले होते.

साखर तपासली तेव्हा रमजान चालू होता. "रोजा हाये, ईद झाल्यावर रक्त देतो," असं ते अकरा जण म्हणाले होते आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलं होतं. म्हणजे साखरेच्या फायलीत त्यांचे नंबरच नव्हते. आणि 'सगळ्यांना ठेव' असं वेगळं बजावलं नाही, तर एका फायलीत नसलेल्या माणसाला मर्ज गुपचूप गाळून टाकतं. हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं हो! अकराच्या अकरा एकाच मोहल्ल्यातले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचं शिबिर थेट दिवाळीनंतर.

"चाचा, तुम्ही काऊन बोलले नाही?"

"बोललो होतो न, साहेब."

दोन दिवस मी तोंड लपवत फिरलो. तिसऱ्या दिवशी हिय्या करून जुबेदाखालांकडे गेलो, माफी मागायला. अकरांतल्याच एक. गोधड्या शिवून पोट भरतात, पण आताशा सुईत दोरा शेजारीण ओवून देते. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

"गफूरभाई येऊन गेले न परवा. अकराही घरी फिरले म्हने. 'खाला, माफ करा, यादी माह्याच हातानं चुकली.' लय रडले बिचारे. म्या म्हटलं, जाऊ द्या, उमर झाली, होते गलती. तुमी रागावू नका हो त्यायले, साहेब. नोकरी नका घेऊ त्यायची."

"नाही घेणार," मी म्हणालो.

मग त्यांनी चाचपडत पुढे केलेला चहा प्यालो आणि घरी आलो. खरं सांगायला अजून गेलेलो नाही.